मांजरीच्या डोळ्यात किती वाजले? (चिनी दरबारातली फुलं)

रानजाई:

मागच्या वर्षी ऑफिसच्या कामाने आठवडाभर तैपेईला होते. शेवटच्या दिवशी विमान रात्रीचं, म्हणून दुपार तिथल्या राजवाडा संग्रहालयात घालवली. एका उभ्या गुंडाळीचित्रापुढे एक आजी नातवाला घेऊन उभ्या होत्या. चित्रात एक फुलदाणी आणि तिच्यात पिओनीची दोन-तीन टपोरी फुलं. आजी काचेला हात न लावता हवेतच बोटाने एकेक वस्तू दाखवत होत्या आणि नातू बाराखडी म्हणावी तसा एकेक शब्द म्हणत होता. सोबतच्या तिथल्या सहकारी मुलीला विचारलं, हे काय चाललंय? ती म्हणाली, "वाचतायत. फुलदाणीला म्हणतात 'पिंग', आणि शांतता-सुखरूपपणा यातलाही 'पिंग' तोच उच्चार. पिओनी म्हणजे वैभव. घरात वैभव आणि शांती नांदो, असं लिहिलंय चित्रात."

मी तोवर त्याच चित्राकडे 'काय पाकळ्या काढल्यात!' म्हणून बघत होते. त्या दिवसापासून डोक्यात किडा वळवळतोय. ही फुलं बघायची की वाचायची? गेलं वर्षभर मिळेल ते वाचून काढलं, त्यातलं थोडं इथे टाकते. मी तज्ज्ञ नाही, बँकेत नोकरी करते आणि रविवारी जलरंग खेळते. चुकलं तर सांगा.

आधी माझा सगळ्यात आवडता किस्सा. अकराव्या शतकातल्या शेन क्वा नावाच्या विद्वानाने तो लिहून ठेवलाय. ओउयांग श्यू हा त्या काळचा बडा साहित्यिक आणि मुत्सद्दी. त्याच्याकडे पिओनीच्या ताटव्याचं एक जुनं चित्र होतं, फुलांखाली मांजर बसलेली. चित्र उत्तम की बेताचं, त्याला काही ठरवता येईना. सोयऱ्यांपैकी एक मंत्री घरी आले, त्यांनी बघितलं आणि म्हणाले, ही भर दुपारची पिओनी आहे. कशावरून? तर पाकळ्या पसरून सैलावल्यात आणि रंग सुकल्यासारखा दिसतोय. दंव पडलेलं सकाळचं फूल आवळलेलं असतं, तुकतुकीत असतं. आणि मांजरीचे डोळे बघा, बाहुली रेघेएवढी झालीय. सकाळ-संध्याकाळ ती गोल असते, ऊन चढेल तशी अरुंद होत जाते.

म्हणजे चित्रात घड्याळ होतं, आणि ते मांजरीच्या डोळ्यात होतं!

याच वेडाची पुढची पायरी म्हणजे सम्राट हुइझोंग. सोंग घराण्याचा, राज्य ११०० ते ११२६, राजधानी काइफेंग. राज्य कसं चालवलं ते विचारू नका, पण स्वतः चित्रकार, अक्षर असं की त्याची बारीक तारेसारखी लिपी आजही 'सडपातळ सोनं' म्हणून ओळखतात, आणि दरबारी चित्रशाळेवर तर घारीसारखी नजर. बाराव्या शतकातल्या देंग चुनने त्याच्या दोन गोष्टी सांगितल्यात. नवा राजवाडा बांधून झाला. भिंतींवर त्या काळच्या नामांकित चित्रकारांची कामं. सम्राट फिरला, एकाही चित्राबद्दल अवाक्षर काढलं नाही. एका दालनाच्या पुढच्या खांबांपाशी मात्र थबकला. तिथे बारमाही गुलाबाची एक तिरपी फांदी रंगवलेली होती. कोणी काढली? नव्याने आलेल्या एका पोराने. लगेच त्याला लाल झगा बक्षीस. कुणाला काही कळेना. शेवटी धीर करून विचारलं तेव्हा सम्राट म्हणाला, बारमाही गुलाब काढणं फार थोड्यांना जमतं. त्याचे केसर, त्याची पानं चारही ऋतूंत आणि सकाळ-संध्याकाळ वेगळी असतात. हा वसंतातल्या माध्यान्हीचा आहे आणि यात केसभर चूक नाही.

दुसरी गोष्ट मोराची. महालापुढे लिचीला फळ धरलं होतं आणि खाली मोर आला. सम्राटाने चित्रकारांना बोलावून तो काढायला लावला. सगळ्यांनी झळाळता मोर काढला, उंचवट्यावर चढायला उजवा पाय उचललेला. सम्राट म्हणाला, चुकलं. काही दिवसांनी पुन्हा विचारलं, तरी कुणाला सांगता येईना. मग त्यानेच सांगितलं, मोर वर चढताना आधी डावा पाय उचलतो.

आता गंमत बघा. इतका काटेकोरपणा कशासाठी? निसर्गप्रेम वगैरे ठीकच आहे. पण मला वाटतं, दरबारात फूल हा शब्द होता, आणि शब्दाचा उच्चार शुद्ध हवा तसं फुलाचं रूप शुद्ध हवं. हुइझोंगच्या संग्रहाची यादी ११२० मध्ये तयार झाली, २३१ चित्रकारांची ६,३९६ चित्रं. त्यातला फुला-पाखरांचा विभाग सगळ्यांत मोठा. त्या विभागाच्या प्रस्तावनेत स्पष्टच म्हटलंय की पिओनी आणि मोर यांच्यात ऐश्वर्य दिसलंच पाहिजे, आणि पाइन, बांबू, मेइ (थंडीत फुलणारं एक झाड), शेवंती, बगळे, रानबदकं यांच्यात निवांत एकांत. कुणी कसं दिसायचं हे ठरलेलं. मानकऱ्यांची बैठक असते ना, तशी.

दरबारी शैलीचा मूळ पुरुष ह्वांग च्वान, दहाव्या शतकात चेंगदूच्या दरबारातला. बारीक शाईची बाह्यरेषा आणि आत रंगाचे थर. त्याच काळात नानजिंगकडे शू शी होता, तो रानातली, पाणथळीतली फुलं सैल हाताने काढायचा. चिनी लोकांनी दोघांना एका ओळीत बसवून टाकलंय: ह्वांगच्या घरचं वैभव, शू शीचं रानटी मोकळेपण. बीजिंगच्या संग्रहालयात ह्वांगचं एक पान आहे. त्यावर पाखरं, नाकतोडे, कासवं सुटी सुटी काढलीत आणि कोपऱ्यात लिहिलंय की मुलाला सरावासाठी दिलं. बापाने मुलाला काढून दिलेला कित्ता हजार वर्षं टिकलाय. मला ते कुठल्याही पिओनीपेक्षा जास्त आवडतं.

बाकी प्रतिसादांत. बोला.

तिरकस:

धागा झकास. पण सम्राटाची मोराबद्दलची थाप तुम्ही जशीच्या तशी गिळलीत. आमच्या मावशीच्या शेतात मोर येतात. ज्या बाजूला दाणे दिसतील तो पाय आधी. सम्राट बोलला म्हणून मोर डावखुरा ठरला, दुसरं काय! 'नाही महाराज, परवा उजवाच उचलला होता' असं म्हणण्याची कुणाची टाप होती?

बाभूळबन:

तिरकसराव, अगदी. पण गुलाबाच्या बाबतीत सम्राटाला मार्क द्यावे लागतील. बारमाही गुलाब खरंच ऋतूगणिक बदलतो. वसंतातली नवी पालवी तांबूस असते, उन्हाळ्यात तीच पानं हिरवी नि जाड होतात. हा गुलाब अठराव्या शतकाच्या शेवटी युरोपात गेला आणि तिथल्या वर्षातून एकदाच फुलणाऱ्या जातींशी त्याचा संकर झाला. आज आपल्या कुंडीत जो गुलाब वर्षभर फुलतो तो या चिनी आजोबांचा नातू आहे.

धाग्यात नावांचा घोळ होऊ नये म्हणून आणखी दोन गोष्टी. 'मेइ'ला सगळीकडे प्लम म्हणतात, पण ते झाड आपण खातो त्या आलुबुखारपेक्षा जर्दाळूला जवळचं आहे. कडाक्याच्या थंडीत, पान फुटायच्या आधी, उघड्या काळ्या फांदीवर फुलतं. पाच पाकळ्या, म्हणून पाच आशीर्वाद. पाइन, बांबू आणि मेइ हे 'हिवाळ्याचे तीन मित्र' का, ते झाड बघितलं की कळतं. बाकी सगळी बाग झोपलेली असते.

दुसरं, हुइझोंगच्या नावावर असलेलं बीजिंगमधलं ते प्रसिद्ध चित्र, सोनेरी रानकोंबडा आणि 'फूरोंग'. ही आपल्या जास्वंदीची बहीण, सकाळी पांढरी उमलते, संध्याकाळपर्यंत गुलाबी होते. आपल्याकडेही बागांतून असते, काही जण स्थलकमळ म्हणतात. चित्रातल्या कोंबड्याच्या वजनाने फांदी वाकलीय आणि तो वरच्या फुलपाखरांकडे मान वळवून बघतोय. ती फांदी किती वाकावी याचा अंदाज इतका बरोबर आहे की काढणाऱ्याने पक्षी फांदीवर बसताना बघितलाय, हे नक्की.

ओवी:

वाचतेय. एक प्रश्न. कमळाचं काय? आपल्याकडे चिखलातलं कमळ म्हटलं की पुढचं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. 'पंकज' या शब्दातच चिखल आहे. त्यांच्याकडेही तेच की ते आपल्याकडून, म्हणजे बौद्ध धर्मातून गेलं?

रानजाई:

ओवी, बौद्ध धर्माबरोबर कमळाचा मान वाढला हे खरं. पण त्यांच्याकडे ते वाक्य पक्कं केलं जोऊ दुन्यी या कन्फ्युशियन तत्त्वज्ञाने (१०१७–१०७३). त्याचा कमळावर छोटासा निबंध आहे. शेवंती म्हणजे फुलांतला संन्यासी, पिओनी म्हणजे फुलांतला श्रीमंत, कमळ म्हणजे फुलांतला सज्जन. चिखलातून येतं पण मळत नाही. आणि मग चिमटा काढतो: शेवंतीवर प्रेम करणारा एक कवी ताओ युआनमिंग होऊन गेला, नंतर फारसं ऐकू आलं नाही. माझ्यासारखं कमळ आवडणारं आणखी कोण आहे? पिओनी आवडणारे मात्र रग्गड आहेत!

हे सज्जन कमळ दरबारातही गेलं. दक्षिण सोंग काळातलं, म्हणजे राजधानी हांगझोउला आल्यानंतरचं, एक पंखाचित्र बीजिंगमध्ये आहे. गोल रेशमी पंख्याचं कापड, जेमतेम वीतभर. त्यात एकच पूर्ण उमललेलं गुलाबी कमळ, मागे हिरवं पान, बस. पाकळ्यांची बाह्यरेषा शोधायला गेलात तर सापडत नाही, रंग आपोआप संपतो आणि पाकळी संपते. चित्रकाराचं नाव नाही.

शिवाय कमळ म्हणजे 'ल्येन', आणि 'सलग', 'एकामागून एक' यालाही 'ल्येन'. म्हणून बगळा (त्याचा उच्चार 'वाट' या शब्दासारखाच) आणि कमळ एकत्र दिसले की अर्थ होतो, एका वाटेने सलग परीक्षा पास हो. सरकारी नोकरीच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलाला द्यायचं चित्र. आणखी एक 'ल्येन' म्हणजे लाच न खाणारा. एकाच फुलात परीक्षा पण आणि परीक्षेनंतरची अपेक्षा पण. :)

तिरकस:

पहिली पूर्ण होते, दुसरी राहते. हे सगळ्या देशांत सारखं.

शाईचा डाग:

रेषा का दिसत नाही यावर थोडं, कारण यावर माझे पैसे आणि रेशीम दोन्ही वाया गेलंय.

दरबारी चित्र कच्च्या रेशमावर होत नाही, रंग फुटतो. रेशमाला आधी सरस आणि तुरटीचं पाणी द्यायचं. त्याने धाग्यांमधली भोकं बुजतात आणि रंग वरच्या वर राहतो. मग एकदम गडद रंग नाही. अगदी पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा हात, मध्येच पुन्हा तुरटीचं पाणी म्हणजे खालचा थर विरघळत नाही. त्यांची म्हणच आहे, 'तीनदा तुरटी, नऊदा रंग'. एका हातात रंगाचा ब्रश, त्याच मुठीत पाण्याचा दुसरा ब्रश. रंग टेकवला की बोटं फिरवून पाण्याच्या ब्रशने कड ओढत न्यायची. कमळाची पाकळी अशी 'संपते'.

आणि सगळ्यात भारी भाग मागच्या बाजूला आहे. रेशीम पारदर्शक असतं ना, म्हणून पांढऱ्या पाकळीचा पांढरा रंग पुष्कळदा मागून भरतात. पुढून फक्त हलका उजळा. त्यामुळे फूल आतून उजळल्यासारखं दिसतं. हिरवा आणि निळा दगड कुटून, लाल म्हणजे आपला हिंगूळ.

मी काय केलं? तुरटी 'थोडी जास्त असली तर बरं' म्हणून मूठ सैल सोडली. वाळल्यावर रेशीम पापडासारखं झालं. शेवंती निम्मी रंगवली आणि चौकटीवरून काढताना मधोमध तडकली. घरच्यांनी ती फ्रेम करून लावलीय, 'हाच तुमचा प्रतीकवाद' म्हणून.

जुनी वही:

धागा आवडला, पण एक खडा टाकतो.

ही उच्चारावरून अर्थ लावायची पद्धत, फुलदाणी म्हणजे शांती आणि बगळा म्हणजे वाट, तिचा खरा सुळसुळाट मिंग आणि छिंग घराण्यांच्या काळात, म्हणजे चौदाव्या शतकानंतर. तेव्हा ती भांड्यांवर, कपड्यांवर, पलंगांवर, सगळीकडे पोचली. नंतरच्या लोकांनी मग जुन्या सोंग चित्रांनाही तेच कोष्टक लावलं. मॅग्नोलिया, सफरचंदाच्या जातीचं हायतांग आणि पिओनी एकत्र दिसले की 'जेडच्या दालनात वैभव' असं वाचून मोकळे. सोंग दरबारात फुलाचा अर्थ बराचसा कवितेतून यायचा, आधीच्या कुणी त्या फुलावर काय लिहिलंय त्यातून. चित्रशाळेच्या परीक्षेतही कवितेची ओळच द्यायचे. ती प्रसिद्ध गोष्ट आहे ना, ओळ होती 'फुलं तुडवून परतताना घोड्याच्या टापांना सुगंध'. आता सुगंध काढणार कसा? जिंकणाऱ्याने फूल एकही काढलं नाही. घोडा काढला आणि टापांमागे फुलपाखरं.

त्यामुळे तैपेईच्या आजी बरोबर होत्या, पण त्यांचं व्याकरण तुमच्या गुलाबवाल्या पोराला लावू नका.

रानजाई:

जुनी वही, खडा नेमका बसला. मान्य. 'फूल हा शब्द' असं मी सरसकट लिहिलं ते सुधारते. सोंग दरबारात फूल ओळ होतं, नंतर शब्द झालं. (आणि शेवटी पलंगपोस.)

तुमच्या म्हणण्याला जोड म्हणून मा लिनचं १२१६ सालचं मेइचं चित्र. दोन बारीक फांद्या, दुहेरी पाकळ्यांची पांढरी फुलं, बाकी सगळं रेशीम मोकळं. नाव 'बर्फाळ रेशमाचे थर'. वरती सम्राज्ञी यांगची चार ओळींची कविता. फुलं म्हणजे जणू गारठलेली फुलपाखरं, फुलाच्या घरात मुक्कामाला आलेली, जुना सुगंध आठवत बसलेली. गारठलेल्या शेंड्यापर्यंत फुलत गेलं तेव्हा जास्तच गोड, हा साज नक्की हान राजवाड्यातला. यात उच्चाराचा श्लेष कुठेच नाही. पण 'राजवाड्यातली मेइ' आणि 'रानातली मेइ' हा भेद मात्र आहे. ही फांदी कुणीतरी छाटून, वळण लावून वाढवलेली आहे. अंतःपुरातलं फूल अंतःपुरातल्या बाईने वाचलंय.

मांडवीकाठ:

गोव्याहून हजेरी. तुम्ही सगळे सोंगमध्ये रमलात, पण छिंग दरबारातल्या फुलांचा एक धागा आमच्या घाटावरून गेलाय, तो सांगतो.

जुझेप्पे कास्तिल्योने, जन्म मिलानचा, १६८८. जेझुइट (कॅथलिक धर्मप्रचारकांचा संघ), पण पाद्री नव्हे, साधा ब्रदर, आणि हाताने चित्रकार. पोर्तुगीज जहाजाने १७१४ मध्ये लिस्बनहून निघाला, वाटेत गोव्यात मुक्काम, आणि १७१५ मध्ये मकाऊला उतरला. पोर्तुगीज जहाजांनी पूर्वेकडे जाणाऱ्या बहुतेक जेझुइटांचा रस्ता जुन्या गोव्यावरून जायचा. बीजिंगला त्याचं नाव झालं लांग शिनिंग. गेला होता धर्म सांगायला, उरलेलं आयुष्य तीन सम्राटांसाठी घोडे, कुत्रे आणि फुलं रंगवण्यात गेलं. १७६६ मध्ये तिथेच वारला.

त्याचं १७२३ चं फुलदाणीचं चित्र बघा. युंगझेंग सम्राटाचं पहिलं वर्ष. फिक्या हिरव्या दाणीत कमळं, त्यातलं एक जुळं, एका देठावर दोन फुलं, आणि सोबत जोडकणसांचं धान्य. सम्राट न्यायी असला की निसर्ग अशी जुळी चिन्हं दाखवतो, असा जुना समज. आता हा सम्राट गादीवर आला तो भावांच्या भांडणातून, आणि गादी खरी याचीच का, अशी कुजबुज होती. अशा वेळी दरबारात जुळं कमळ उगवणं आणि ते परदेशी चित्रकाराने हुबेहूब, जणू साक्षीदाराने जबानी द्यावी तसं रंगवणं, हे किती सोयीचं! फूल सम्राटाच्या बाजूने बोलतंय, आणि त्याला खोटं म्हणायची सोय नाही, कारण ते खऱ्यासारखं दिसतंय.

त्याचा सोळा पानांचा फुला-पाखरांचा संच तैपेईत आहे. फुलांवर प्रकाश आहे, गोलाई आहे, पण जमिनीवर पडलेली सावली नाही. ती युरोपातली सवय त्याला बहुधा दाराबाहेर चपलांसारखी काढून ठेवावी लागली.

शाईचा डाग:

मांडवीकाठ, वा! त्याच दरबारात त्याच काळात झोउ यीग्वेइ होता (१६८६–१७७२), अधिकारी आणि फुलांचा चित्रकार. त्याने चित्रकलेवर पुस्तक लिहिलं, त्यात शंभराहून जास्त फुलांची पाकळ्या-देठ-पानं कशी असतात त्याची नोंद आहे. पाश्चात्त्य चित्रांबद्दल तो म्हणतो, भिंतीवर राजवाडा काढतात तर माणसाला आत चालत जावंसं वाटतं, शिकणाऱ्याने एखाद-दोन गोष्टी घ्याव्यात. पण कुंचल्याचं वळण काडीचं नाही. कितीही सफाई असली तरी ती कारागिरी, चित्र म्हणून मोजायची नाही.

सहकाऱ्याबद्दल असं लिहून ठेवायचं म्हणजे ऑफिसचं राजकारण तेव्हाही होतं.

बोकोबा:

मी मांजर बघून धागा उघडला, फुलांत अडकलो. एक विचारतो. सगळी फुलं सम्राटाच्याच बाजूने बोलतात का? एकही फूल उलट बोललं नाही?

रानजाई:

बोकोबा, याच प्रश्नाची वाट बघत होते.

यांग वुज्यू नावाचा एक मेइ काढणारा होता, शाईने, रानातल्यासारखी विरळ फांदी. गोष्ट अशी सांगतात की त्याची मेइ हुइझोंगला दाखवली तेव्हा सम्राट हसून म्हणाला, ही तर 'खेड्यातली मेइ'. पठ्ठ्याने मग सही करताना लिहायला सुरुवात केली: 'राजाज्ञेवरून खेड्यातली मेइ'. शेरा मिळाला, त्याचाच शिक्का केला.

दुसरा झेंग सिश्याव. १२७९ मध्ये सोंग राज्य संपलं, मंगोल आले. त्यानंतर याने जे लान काढलं, म्हणजे गवतासारख्या लांब पात्यांचं ते चिनी ऑर्किड, त्याला मुळंही नाहीत आणि खाली मातीही नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, माती परक्यांनी नेली, तुम्हाला माहीत नाही का? त्याचं १३०६ सालचं एक छोटं चित्र ओसाकाच्या संग्रहालयात आहे. एक फूल, काही पाती, आणि खाली कोरा कागद. हवेत लटकलेलं. दरबारी चित्रात जो मोकळा भाग नुसता मोकळा असतो, तो इथे आरोपपत्र होतो.

आणि शू वेइ (१५२१–१५९३). अफाट माणूस, हालही अफाट. पिओनी काढायचा तर काळ्या शाईने, फासून. कारण स्वतःच सांगून ठेवलंय: पिओनी वैभवाचं फूल, तिला झळाळते रंगच शोभतात. मी पडलो दरिद्री, माझं गोत्र मेइ आणि बांबूशी जुळतं. वैभवाशी माझा काय संबंध? म्हणून माझी पिओनी तिच्यासारखी दिसत नाही, आणि दिसूही नये.

अर्थ तोच ठेवायचा, फक्त रंग काढून घ्यायचा. यांना कुणालाच नवीन फूल शोधावं लागलं नाही. दरबाराचंच फूल उलटं धरलं.

ओवी:

शू वेइचं वाचून अंगावर काटा आला.

अवांतर: यातली बरीच फुलं मुंबईत आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये लहानपणी बघितलीत. शेजारच्या पारशी मावशींकडे त्यांच्या आजीचा गारा, म्हणजे भरतकामाची साडी, होता. जांभळ्या रेशमावर पांढऱ्या-गुलाबी दोऱ्याने पिओनी, शेवंती, करकोचे, सगळं चिनी हातांनी भरलेलं. एकोणिसाव्या शतकात पारशी व्यापारी मुंबईहून चीनमधल्या कँटन बंदराला जायचे, जाताना अफू आणि कापूस, येताना रेशीम. लग्नाला मावशी तो नेसायच्या आणि वर्षातून एकदा उन्हात न ठेवता नुसता वाऱ्यावर धरायच्या. त्या पिओनीला आम्ही पोरं 'कोबी' म्हणायचो. आज कळलं, कोबी म्हणजे वैभव.

तिरकस:

भाजीमंडईतला भाव बघता कोबी म्हणजे वैभवच.

जुनी वही:

पिओनीवरून शेवटच्या दरबाराचं सांगून टाकतो. राजमाता त्सिशी (१८३५–१९०८) अधिकाऱ्यांना स्वतःच्या हातची फुलांची चित्रं भेट द्यायची, पिओनी खास. मोठा शिक्का, मोठी सही. पण राज्यकारभारातून इतकी चित्रं कुठून होणार! म्हणून तिच्या वतीने काढणाऱ्या बायका राजवाड्यात होत्या. त्यातली सगळ्यांत नावाजलेली युन्नानची एक विधवा, म्याव ज्याह्वेइ. फुलं तिची, शिक्का बाईसाहेबांचा. घेणाऱ्यालाही ठाऊक असणार. पण भिंतीवर शिक्का लागतो, ब्रश नाही.

बोकोबा:

आडनाव म्याव?? धाग्याला न्याय मिळाला.

रानजाई:

:)) बोकोबा, आता एक उदास गोष्ट आणि मग मी थांबते, उद्या शाखेत ऑडिट आहे.

११२७ मध्ये उत्तरेकडच्या जुर्चेन लोकांच्या सैन्याने काइफेंग घेतलं. गादी मुलाला देऊन मोकळा झालेला हुइझोंग, तो मुलगा आणि सगळा राजपरिवार कैद करून उत्तरेला नेला. संग्रह उधळला. गुलाबाची वेळ ओळखणारा हा माणूस ११३५ मध्ये पार ईशान्येच्या थंडीत कैदेतच मेला. उत्तरेकडे नेताना वाटेत जर्दाळू फुललेला दिसला, त्यावर त्याची एक कविता आहे. सुरुवातीला फुलाचं वर्णन अगदी त्याच्या चित्रशाळेच्या पद्धतीने: बर्फाळ रेशीम कापून, हलकेच थरावर थर रचलेत, वर फिकट गुलाबी रंगाचा एकसारखा हात. पुढे मग वारा, पाऊस, आणि हजार डोंगरांपलीकडचा राजवाडा.

'बर्फाळ रेशीम', 'थरावर थर'. वर मा लिनच्या मेइच्या चित्राचं नाव दिलंय ते पुन्हा बघा. मध्ये जवळपास नव्वद वर्षं गेलीत, दरबार हांगझोउला आलाय, आणि फांदीवर सम्राज्ञीची कविता आहे. मला हे काल रात्री दिसलं तेव्हा लॅपटॉप बंद करून थोडा वेळ नुसती बसले.

शाईचा डाग:

तो 'फिकट गुलाबी एकसारखा हात' म्हणजे तुरटीनंतरचा पहिला पातळ थर. कैदेत चाललेला माणूस फूल बघून मनात रेशीम ताणून बसला होता.

जुनी वही:

रानजाई, हे मी दोन्ही वेगवेगळं वाचलं होतं, शेजारी ठेवलं नव्हतं. माझा खडा परत घेत नाही, पण धाग्याला दंडवत.

बोकोबा:

प्रयोग केला. आत्ता दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं. आमचा बोका खिडकीत, कुंडीतल्या गुलाबाखाली, ऊन थेट तोंडावर. शेन क्वाची परीक्षा घ्यायला मोबाईल घेऊन जवळ गेलो.

डोळे मिटून झोपलाय. थोड्या वेळाने पुन्हा बघतो.